झांगडगुत्ता, मुक्काम पोस्ट तामलवाडी

चिपळूणहून निघताना माझ्या पिशवीत दोन जाडजूड शब्दकोश होते. त्यांच्यापायी मी चपलांचा दुसरा जोड घरी ठेवला. हा हिशेब किती चुकला ते मला तामलवाडीच्या शेतात कळलं, पण ते पुढं येईल. कुंभार्ली घाट चढताना एसटीच्या प्रत्येक वळणाला ते शब्दकोश शेजारच्या आजोबांच्या पायावर जात होते आणि आजोबा दर वेळी ते उचलून माझ्या मांडीवर ठेवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, पोथी आहे का?" मी म्हटलं, "तसंच समजा." कारण खरं सांगितलं असतं तर ते कराडला उतरायचे ते घाटातच उतरले असते.

खरं असं होतं, की मी एका शब्दाचा जन्मदाखला काढायला निघाले होते.

सुशीला ही माझी कोल्हापूरच्या डी.एड.च्या काळातली खोलीमैत्रीण. मी पुढं चिपळूणला मराठी शिकवून निवृत्त झाले. ती अभ्यास अर्धवट टाकून लग्न करून तामलवाडीला गेली, शेतात रमली, लवकर विधवा झाली आणि तरीही फोनवर माझ्यापेक्षा जास्त हसते. वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात माझी उघडी ट्रंक पाहून ती म्हणाली होती, "अगं, काय हा झांगडगुत्ता!" मला अर्थ विचारावाच लागला नाही. एका मोज्यात कंगवा, वहीत साबण, असा तो अर्थ समोर पसरलेला होता.

त्या दिवसापासून तो शब्द माझा झाला. गोंधळ म्हटलं की कपाळाला आठी पडते. घोळ म्हटलं की कुणावर तरी संशय येतो. झांगडगुत्ता म्हणताना मात्र आधी आख्खं तोंड उघडावं लागतं, 'झां' नाकात घुमतं, 'गड'वर गाडी खड्ड्यातून जाते आणि 'गुत्ता'ला जीभ दातांवर आपटून थांबते. एवढं होईतो राग निघून गेलेला असतो. मी वर्गात हा शब्द इतका वापरला, की आज आमच्या खाडीकाठी गुंतलेल्या जाळ्यालाही लोक झांगडगुत्ता म्हणतात. त्यांना वाटतं, शब्द कोकणातलाच आहे.

आणि आता सुशीलाचा फोन आला होता. "माधवे, धाबा काढायलेय. तुळजापूरच्या रस्त्यावर. घटस्थापनेला नारळ फोडायचा. नाव ठेवणार हाय 'झांगडगुत्ता'. पन तात्या न्हाय म्हनतेत. त्यांचं म्हननं, हा शब्द कुठल्या घरचा ते दाखवा, चांगल्या घरचा निघाला तर लावा पाटी. तू मास्तरीण हायस. तुझं ऐकतील. ये."

तात्या म्हणजे सुशीलाचे थोरले दीर. रस्त्याकडेची जागा त्यांची. नवरा गेल्यावर सुशीलाच्या पाठीशी उभे राहिलेले एकटे तेच. त्यांनी नारळ फोडला नाही तर ती धाबा उघडणार नव्हती, हे तिनं सांगितलं नाही, पण मला कळलं.

सोलापूरला गाडी बदलली. तुळजापूरच्या एसटीत नवरात्राच्या तोंडावरची गर्दी होती, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या बायका, ज्योत आणायला निघालेली पोरं. कंडक्टर तिकीट देताना म्हणाला, "देवीला आलाव व्हय?"

"नाही. झांगडगुत्ता हा शब्द कुठून आला ते शोधायला आलेय."

माणसानं तिकिटाचं यंत्र खाली केलं आणि माझ्या शेजारी बूडच टेकलं. "बाई, त्यो आमच्या एसटीतनं आला आसंल. दिवाळीत या, दावतो." पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळून म्हणाली, "न्हाय रं, लग्नाच्या पंगतीतनं आला. वाढपी लई आन् भात एका बाजूला." मागून कुणी तरी म्हणालं, शब्द लढाईतला असणार, तलवारीसारखा वाजतो. सगळी गाडी बोलू लागली. मी हौसेनं ऐकत राहिले, कंडक्टर हौसेनं सांगत राहिला आणि या नादात तामलवाडी मागं पडली.

पुढं बऱ्याच अंतरावर मला उतरवताना तो कानाच्या पाळ्या धरत म्हणाला, "माफ करा, झांगडगुत्ता झाला." मी शब्दकोशांसह ऊन डोक्यावर घेऊन उलट्या दिशेनं चालत आले. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं सोयाबीन, मधेच तुरीचा हिरवा पट्टा, लांबवर बोडक्या टेकड्या. आमच्याकडं नजर दहा पावलांवर झाडाला अडते. इथं ती जाते ती जातेच. डोळ्यांना एवढी मोकळीक मिळाल्यावर मला पिशवीचं ओझंही थोडं हलकं वाटलं. थोडंच.

धाबा मी लांबूनच ओळखला. नवे पत्रे, शेणानं सारवलेलं अंगण, आणि दोन बांबूंवर चढवलेली पांढरी पाटी. पाटीवर खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, 'चहा, नाष्टा, जेवण मिळेल'. वरची सगळी जागा कोरी.

"पेंटर तेवढंच लिहून गेला," सुशीला मला मिठी मारत म्हणाली. केस पांढरे झालेत, पण पकड तशीच आहे. "म्हनला, नावाचं घरात ठरवा, मग मला बोलवा."

त्या दुपारी मी हुलग्याचं शेंगोळं (लसूण घातलेल्या कडक रश्शात शिजवलेल्या हुलग्याच्या पिठाच्या वळ्या) आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. सोबतचा ठेचा मी चटणी समजून बोटभर घेतला. पुढचा काही वेळ मला कुठलाच शब्द आठवत नव्हता. सुशीलाच्या मैत्रिणींनी दही पुढं केलं आणि पोट धरून हसल्या.

या मैत्रिणींची ओळख करून द्यायला हवी, कारण धाबा एकटीचा नाही. सुशीला, शहिदाभाभी, रखमाबाई आणि आणखी दोघी-तिघी अशी त्यांची टोळी आहे. त्या पिकाच्या काढणीचं काम गुत्त्यानं (ठेक्यानं, म्हणजे आख्ख्या शेताचं काम एकदम अंगावर) घेतात. शेतात प्रत्येकीनं आपली पात (कापत जायचा पट्टा) धरायची, अशी सगळीकडं रीत. ह्या बायकांची रीत वेगळी. जिची पात आधी संपते ती बांधावर बसत नाही. ती मागं राहिलेलीच्या पातीत दुसऱ्या टोकानं शिरते आणि तिला सामोरी कापत येते. शहिदाभाभींचा गुडघा दुखतो, त्या नेहमी मागं राहतात. पण त्यांची पात कधीच मागं राहत नाही.

"लांबून बघनाराला काय दिसतं? एक हिकडं तोंड करून, दुसरी तिकडं, तिसरी आडवी," सुशीला सांगत होती. "एकदा तात्यांच्या रानात काढनी चालू. तात्या बांधावर आले आन् वरडले, 'ए, ही काय काढनी हाय का झांगडगुत्ता?' त्या दिवशी हसून हसून इळा धरवंना. तवापास्नं गावात आमचं नाव तेच. 'झांगडगुत्त्याला सांगावा धाडा, आमचा उडीद आलाय.' धाबा त्या कामातनं उभा ऱ्हायला. आता सांग, पाटीवर दुसरं काय लिहू? तुळजाईच्या नावाचे धाबे ह्या रस्त्याला लई हाईत. देवीला काय कमी हाय? हे नाव आमचं हाय."

शेवटचं वाक्य बोलताना ती हसत नव्हती.

संध्याकाळी तात्यांकडं गेलो. सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, टोपीची घडी जशीच्या तशी. अंगणातली चपलांची रांगसुद्धा एका रेषेत. सुशीलानं डोक्यावर पदर घेतला आणि मीही नकळत माझी ओढणी नीट केली.

"मास्तरीणबाई, जेवलाव का?" त्यांनी आधी विचारलं, आणि मग मुद्द्यावर आले. "आता तुमीच सांगा. रस्त्यानं माणूस चाललंय, भूक लागलीय, वर बघतंय तर पाटीवर झांगडगुत्ता. त्याला काय वाटंल? वाटंल, हितं भाजीत माती आन् ताटात झुरळ. जागा म्या खुशीनं दिली. पोरीनं चार पैसे मिळवावं, नाव काढावं. पन नाव कसलं? तुमी शिकलेल्या. हा शब्द कुठल्या घरचा ते काढा. खानदान चांगलं निघालं तर माझी हरकत न्हाय."

त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही, हीच पंचाईत होती. मी शब्दकोश उघडले. दोन्ही कोशांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. चिपळूणहून त्यांना वागवत आणल्याचा मला तेव्हा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी सुशीलाला नळदुर्गहून जुने बाक आणि टेबलं आणायची होती. आम्ही टेंपोतून निघालो. नळदुर्गचा किल्ला मी पहिल्यांदाच पाहिला. नदी अडवून बांधलेल्या भिंतीवरून पाणी कोसळत होतं आणि त्या भिंतीच्या पोटात महाल. बांधणाऱ्याला पाण्याच्या मागं बसून गप्पा मारायची हौस असणार. मला तो माणूस आवडला. सुशीला म्हणाली, "बघून झालं असंल तर चल, बाकाला ढेकूण हाईत का बघायचेत."

बाक होते उस्मानचाचांचे. हमरस्त्यालगत त्यांचा धाबा होता. नवा रस्ता बाहेरून गेला आणि ट्रकही त्याच्याबरोबर गेले. चाचांनी बाकांवरून असा हात फिरवला, की मला ते विकत घेणं जिवावर आलं. मग त्यांनी कडक चहा पाजला. मी शब्दाचा विषय काढला, तसे ते खुलले.

"गुत्ता? गुत्ता बोले तो ठेका, बहेन. हमारे दादा बोलते थे, निजाम के टाइम पे झाडां का गुत्ता, ताडी का गुत्ता, रस्ते का गुत्ता. अब्बी बी रस्ता बनानेवाले को गुत्तेदारच बोलते ना?"

खरंच की! मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात हे मी ऐकलं होतं, पण माझ्या लाडक्या शब्दाच्या पोटात तोच गुत्ता बसलाय हे कधी डोक्यात आलं नव्हतं. शेजारच्या बाकावर कर्नाटकातला एक ट्रकड्रायव्हर चहा पीत होता. तो म्हणाला, "नम्म कडे गुत्तिगे अंतार्री (आमच्याकडं गुत्तिगे म्हणतात). शेत दुसऱ्याला लावून देतेत ना, ते बी गुत्तिगे." मला इतका आनंद झाला, की मी त्याला दुसरा चहा सांगितला. सीमेपलीकडं शब्दाची सख्खी मावशी सापडली होती.

"आणि झांगड?" मी दोघांना विचारलं.

ड्रायव्हरनं मान हलवली. उस्मानचाचांनी बराच विचार केला, दाढी खाजवली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "वो मेरेकु नै मालूम." मग सुशीलाकडं पाहून म्हणाले, "पर नाम रखो बेटी. मेरे धाबे का नाम अच्छा था, गाड्यां तो तब बी गई."

परतताना मी टेंपोत बाकांच्या मधे बसले होते. एका खड्ड्याला वरचा बाक घसरून माझ्या मांडीवर आला आणि तामलवाडीपर्यंत तिथंच राहिला. सुशीला पुढून विचारत होती, "बरी हायस ना?" मी म्हणत होते, "अर्धा दाखला मिळाला गं!"

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. निजाम, गुत्तेदार, कानडी मावशी, सगळं. मग त्यांनी विचारलं, "आन् झांगड?"

खोटं सांगता आलं असतं. एखादा संस्कृत धातू जोडून दिला असता तर तिथं कोण तपासायला येणार होतं? पण आयुष्यभर मुलांच्या वहीत 'पुरावा?' असं लाल शाईनं लिहिलेल्या बाईला ते जमेना. "नाही सापडला," मी म्हटलं.

"म्हंजी बापाकडचा पत्ता लागला, आन् आईकडचं बेपत्ता. मास्तरीणबाई, असल्या स्थळाला कुनी पोरगी देतं का?"

मला हसू आलं. सुशीलाला आलं नाही. ती "बरं तात्या" म्हणाली, उठली आणि बाहेर येऊन पेंटरला फोन लावला. "परवा या. तुळजाई भोजनालय लिहा." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला फार वाईट वाटलं. मी एवढ्या लांबून आले ती अर्धा शब्द घेऊन, आणि न सापडलेला अर्धाच तिच्या आड आला.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या रानात सोयाबीनची काढणी होती. घटस्थापना तोंडावर आलेली. टोळी सकाळीच गेली, मीही गेले. माझ्या एकुलत्या एक जोडातल्या शहरी चपला धसकटांनी (कापलेल्या रोपांच्या टोकदार बुडख्यांनी) पहिल्या फेरीतच फाटल्या. रखमाबाईंनी त्यांचे जुने बूट दिले, दोन्ही डाव्या पायाचे वाटावेत असे.

तात्या आमच्या आधी हजर होते. त्यांनी आख्ख्या शेतात सुतळी बांधून पाती आखल्या होत्या, एकसारख्या, सरळ, शाळेच्या वहीच्या समासासारख्या. "माझ्या रानात तुमचं ते आडवंतिडवं चालनार न्हाय," ते म्हणाले. "जिची पात तिनं कापायची. दुसरीच्या पातीत पाय ठिवायचा न्हाय. बघा काम कसं देखनं व्हतंय." आणि बांधाकडेची एक पात त्यांनी स्वतःकडं घेतली.

"तात्या, तुमी नगा," सुशीला म्हणाली.

"का? म्हातारा झालो व्हय म्या?"

सुशीलानं टोळीकडं पाहिलं. "ऐकलं का गं? तात्यांचा शब्द मोडायचा न्हाय." तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही, पण मी तिच्याबरोबर एका खोलीत राहिलेली आहे. ती काही तरी योजतेय हे मी ओळखलं.

काम सुरू झालं. विळ्यांचा सर्रसर्र आवाज, वाळलेल्या शेंगांची खुळखुळ. मला अर्धी पात दिली होती आणि तीही माझ्याच्यानं पुढं सरकेना. रखमाबाईंनी आपली पात संपवली आणि सवयीनं वळून शहिदाभाभींच्या पातीत पाऊल टाकलं. "रखमे!" सुशीलानं हाक मारली. रखमाबाईंनी जीभ चावली आणि निमूट जाऊन बाभळीखाली बसल्या. मग दुसरी बसली. मग सुशीला. पाण्याची घागर मधे, पाय पसरलेले, एखाद्या लग्नाला आल्यासारख्या.

शेतात उरलो आम्ही तिघं. शहिदाभाभी, तात्या आणि मी. आणि त्याच वेळी सोलापूरच्या बाजूनं आभाळ आलं.

काळंभोर आभाळ, तेही झपाट्यानं. वारा सुटला. कापून पडलेलं सोयाबीन भिजलं तर शेंगा काळ्या पडतात, उभं भिजलं तर फुटतात, हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं. सगळं गोळा करून ताडपत्रीखाली जायला हवं होतं, आणि त्याआधी कापून व्हायला हवं होतं. मी विळा टाकून बाभळीकडं धावले.

"अगं, उठा ना! त्यांचं वर्षाचं पीक आहे!"

"मला ठावं न्हाय व्हय?" सुशीला म्हणाली. तिची बोटं विळ्याच्या मुठीवर सारखी उघडमीट करत होती. "माझा जीव हितं ऱ्हातोय का? पन म्या गेले तर त्यांचा शब्द मोडला. सगळ्यांपुढं मोडला. त्यांनी हाक मारू दे. एकदा मारू दे फकस्त."

तात्या वाकून कापत होते. मधेच थांबायचे, कंबरेवर हात ठेवायचे, पुन्हा वाकायचे. त्यांची पात सगळ्यांत जास्त उरली होती. वर पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. पण ढग गडगडला आणि पाहावंच लागलं. त्यांनी आभाळ पाहिलं. मग त्या सरळ सुतळ्या पाहिल्या. मग बाभळीखालच्या बायका. ओठ उघडले, मिटले. कुणाला हाक मारायची? एकटी सुशीला आली असती तर काम व्हायचं नव्हतं. एकेकीचं नाव घ्यायला वेळ नव्हता. तात्यांनी टोपी काढली, छाती भरून श्वास घेतला आणि आख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले,

"ए झांगडगुत्ता! या की गं!"

बाभळीखाली कुणी राहिलंच नाही. कोण कुठून शिरली मला कळलं नाही. दोघी शहिदाभाभींच्या समोरून आल्या, रखमाबाई माझ्या पातीत आडव्या घुसल्या, सुशीला तात्यांच्या पातीच्या दुसऱ्या टोकानं भराभर कापत निघाली. सुतळी सगळ्यांच्या पायांत यायला लागली. कुणी अडखळलं, कुणी खिदळलं. आणि ती सुतळी पहिल्यांदा कुणी कापली असेल, तर तात्यांनी. विळ्यानं खाडकन तोडली आणि म्हणाले, "तिच्यायला, कुनी बांधली ही मधी!"

पातीच्या मध्यावर तात्या आणि सुशीला समोरासमोर आले. दोघांच्या मधलं शेवटचं रोप तिनं त्यांना कापू दिलं. मग सगळ्यांनी मिळून गंज (कापलेल्या पिकाचा ढीग) घातली, ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले. मी एका दगडाबरोबर स्वतःही ताडपत्रीवर बसले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आणि ते आभाळ, गाजावाजा करत आलेलं, एक थेंब न टाकता बार्शीकडं निघून गेलं.

"उगं घाई केली," तात्या म्हणाले. त्यावर सगळ्या जणी जे हसल्या ते पार भाकरी सोडेपर्यंत.

जेवणही त्यांच्या रीतीनंच होतं. एक धोतर पसरायचं आणि प्रत्येकीनं आपलं फडकं त्यावर उघडायचं. येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी, शहिदाभाभींची खिमा-मेथी, शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. कुणाचं काय हे विचारायचं नाही. खिमा तेवढा तात्यांपासून लांब सरकवला. तात्या आधी आपला डबा घेऊन बाजूला बसले होते. मग त्यांनीही तो आणून मधे ओतला. डाळ होती, गोड लागली.

जेवता जेवता, सुशीलाकडं न बघता, ते म्हणाले, "पेंटर कदी येनार हाय?"

"उद्या. तुळजाई लिहायला."

"ते ऱ्हाऊ दे."

"मंग काय लिहू?"

"मघाशी म्या काय म्हनून हाक मारली?"

सुशीलानं घास थांबवला. डोळ्यांत पाणी, आणि गालात हसू. "वारं लई व्हतं तात्या. नीट ऐकू न्हाय आलं."

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. बाकीच्यांनी चावायचं थांबवलं. "झांगडगुत्ता," ते म्हणाले. या वेळी हळू, नीट, एकेक अक्षर. मग त्यांनाच हसू फुटलं. "त्येच्या खाली बारीक अक्षरात 'तुळजाई प्रसन्न' लिहा मातर. आन् ताटात झुरळ निघालं तर पाटी म्याच उतरवीन." सुशीलानं पदरात तोंड खुपसलं. ती हसतेय की रडतेय ते कळेना, म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही दोन्ही केलं.

घटस्थापनेला तात्यांनी नारळ फोडला. पेंटरनं अक्षरं अशी गुबगुबीत काढली होती, की 'झां'वरचा अनुस्वारसुद्धा लाडवासारखा दिसत होता. पहिली गाडी ज्योत घेऊन निघालेल्या पोरांची थांबली. पाटी मोठ्यानं वाचूनच ती हसत आत आली. उस्मानचाचाही आले. आपल्याच जुन्या बाकावर बसून चहा प्यायले आणि बाक हलत नाही ना, ते दोनदा हलवून पाहिलं. मी वाढायला उभी राहिले आणि आमटी एका ताटाऐवजी दुसऱ्यात घातली. पण त्या धाब्यावर त्याचं कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

निघताना सुशीलानं पिशवीत येसर आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली. जागा करायला एक शब्दकोश मी तिथंच सोडला. तो आता गल्ल्याच्या खिडकीखाली पत्रा वाजू नये म्हणून लावलेला आहे, आणि आयुष्यात प्रथमच उपयोगी पडतोय.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, मग शब्द कुठून आला? खरं सांगते, झांगडचं मूळ मला अजून माहीत नाही. चिपळूणला परत आल्यावरही शोधते आहे. पण आता हा शब्द उच्चारताना मला माझी ट्रंक आठवत नाही. मला दोन्ही टोकांनी एकमेकींना सामोऱ्या येणाऱ्या बायका दिसतात आणि मधे, कंबरेवर हात ठेवून उभा असलेला, हाक मारायचं धाडस गोळा करणारा एक म्हातारा.

धाब्यासमोरूनच परतीच्या एसटीत चढले तो समोर तोच कंडक्टर. गाडी मला घेऊन निघायच्या आधी त्यानं घंटीची दोरी हातात धरली, धाब्याकडं पाहिलं आणि मागच्या बाकांपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडला, "झांगडगुत्ता हाय का कुनी उतरनारं? झांगडगुत्ता!"

सगळी गाडी हसली. आणि मागून एक बाई, कडेवर लेकरू, हातात पिशवी, घाईघाईनं पुढं येत म्हणाली, "हाय, हाय! थांबा की, आमाला तिथंच जायाचंय."